जुनी मेट्रो, अपुरी रात्र आणि विस्कळीत नोंदी : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

शहरी रेल्वे आणि मेट्रोच्या देखभालीत काम करणाऱ्या वाचकांनी पाठवलेल्या प्रश्नांपैकी काही प्रश्न आणि आमच्या तज्ज्ञ गटाची उत्तरे इथे देत आहोत. एकसारखे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न : आमच्या मेट्रोला पस्तीस वर्षे झाली. मालमत्तेची यादी तीन ठिकाणी आहे : लेखा विभागाकडे, डेपोच्या रजिस्टरांत आणि काही अभियंत्यांच्या स्वतःच्या एक्सेल फायलींत. आता व्यवस्थापन देखभालीचे नवे सॉफ्टवेअर घेत आहे. सुरुवात कुठून करावी?
(देखभाल नियोजन कक्षातील अभियंता)

सॉफ्टवेअरची खरेदी सहा महिने पुढे ढकलता आली तर ढकला. तीन चुकीच्या याद्या एका महागड्या यंत्रणेत ओतल्या की तिथून चौथी चुकीची यादी निघते, आणि ती संगणकातून आल्यामुळे तिच्यावर शंका घ्यायलाही कुणी धजत नाही.

लेखा विभागाची यादी पाया म्हणून घेऊ नका. तिथे 'सबस्टेशन, 1 नग' अशी एकच ओळ असते, कारण खरेदी एका बिलावर झालेली असते. देखभालीला ट्रान्सफॉर्मर, रेक्टिफायर, प्रत्येक डीसी ब्रेकर, बॅटरी संच आणि चार्जर वेगवेगळे दिसायला हवेत. किती खाली उतरायचे याची कसोटी अशी : ज्या वस्तूसाठी स्वतंत्र जॉब कार्ड (केलेल्या कामाची नोंद-चिठ्ठी) निघते किंवा जी काढून तिच्या जागी दुसरी बसवतात, तिला क्रमांक द्यायचा. सांध्याच्या, म्हणजे गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर वळवणाऱ्या जोडणीच्या, मोटरला क्रमांक हवा. मोटरमधल्या कार्बन ब्रशला नको. तो मोटरच्या जॉब कार्डावर वापरलेला सुटा भाग म्हणून येईल.

यापुढची गोष्ट बहुतेक ठिकाणी चुकते. जागेचा क्रमांक आणि वस्तूचा क्रमांक वेगळे ठेवा. 'सांधा क्रमांक 12' ही जागा झाली. तिथे आज बसलेले यंत्र ही वस्तू. यंत्र दुरुस्तीला जाते आणि परत येऊन दुसऱ्याच सांध्यावर बसते. दोन्हींना एकच क्रमांक असेल तर खोट जागेत आहे की यंत्रात, हे कधीच उमगत नाही. एकाच जागी तीन वेगवेगळी यंत्रे लागोपाठ बंद पडली तर तिथला निचरा, केबल किंवा रुळाची बैठक पाहा. एकच यंत्र तीन जागी बंद पडले तर ते उघडून पाहा.

मग प्रत्यक्ष पाहणी. एका मार्गावरचे दोनच वर्ग आधी निवडा, उदाहरणार्थ सगळे सांधे आणि ट्रॅक्शन केबलचे सगळे जोड. दोघांची एक तुकडी करा आणि त्यातला एक जण त्याच विभागात रोज काम करणारा असू द्या. नामपट्टीचा फोटो, साखळी-अंतर (मार्गाच्या सुरुवातीपासूनचे अंतर), बसवल्याचे वर्ष आणि 1 ते 5 अशी अवस्था (1 सर्वांत वाईट, 5 उत्तम), एवढे नोंदवा. त्याशेजारी एक रकाना भरवशाचा ठेवा : 'अ' म्हणजे डोळ्यांनी पाहून मोजले, 'ब' म्हणजे कागदावरून घेतले, 'क' म्हणजे अंदाज. पुढे पैसे मागायची वेळ आली की हाच रकाना तुमची बाजू सांभाळतो, कारण किती माहिती पक्की आहे हे तुम्ही आधीच सांगितलेले असते. या दोन वर्गांत फॉर्ममधल्या चुका निघतात. त्या दुरुस्त करून मगच पुढचे वर्ग घ्या.

जॉब कार्डावर 'बिघाड झाला, दुरुस्त केला' असे लिहिणे बंद झाले पाहिजे. तीन रकाने पुरतात : काय दिसले, कोणता भाग गेला, कशामुळे गेला. प्रत्येक वर्गासाठी दहा-पंधरा कारणांची यादी त्या कामगारांना बरोबर घेऊन करा. चार महिन्यांनी 'इतर' या कारणाखाली दहातल्या एकापेक्षा जास्त नोंदी दिसल्या तर कामगारांना दोष देऊ नका, यादीच अपुरी आहे.

नोंदी नसल्या तर काय होते ते बॉस्टनने 2023 च्या मार्चमध्ये पाहिले. रुळांची तपासणी झाली होती, पण कोणता दोष कुठे आहे आणि त्यावर काय केले याची कागदपत्रे अपुरी आणि एकमेकांशी न जुळणारी निघाली. त्यामुळे संपूर्ण भुयारी जाळ्यावर ताशी 10 ते 25 मैलांची वेगमर्यादा घालावी लागली. त्यातले अनेक रूळ ठीकही असतील, पण ते ठीक आहेत हे दाखवता येत नव्हते. वेगाची शेवटची बंधने उठायला 2024 चा डिसेंबर उजाडला.

प्रश्न : पैसा मागणीच्या निम्माच मिळतो. वयाप्रमाणे सर्वांत जुनी वस्तू आधी बदलणे योग्य आहे का?
(वित्त व नियोजन विभाग)

वय हा अंदाजपत्रकाला उपयोगी, पण निर्णयाला अपुरा आधार आहे. अमेरिकेच्या संघीय ट्रान्झिट प्रशासनाने उपयुक्त आयुष्याचे सर्वसाधारण आकडे दिले आहेत : मेट्रोच्या डब्याला 31 वर्षे, मोठ्या बसला 14. पुढच्या पंधरा वर्षांत खर्चाची लाट कधी येणार हे काढायला ते चांगले. मात्र कोरड्या बोगद्यातला 40 वर्षांचा रूळ वळणावरच्या 8 वर्षांच्या रुळापेक्षा सुस्थितीत असू शकतो. विमानांच्या देखभालीवर 1978 मध्ये नोलन आणि हीप यांनी केलेला अभ्यास आजही वाचण्यासारखा आहे. त्यांनी तपासलेल्या भागांपैकी फक्त 11 टक्क्यांच्या बिघाडाचा वयाशी स्पष्ट संबंध दिसला. उलट अनेक भाग बसवल्यावर सुरुवातीलाच जास्त बिघडत होते. म्हणजे चालणारी वस्तू केवळ जुनी म्हणून उघडली की नवा बिघाड आत शिरण्याची वाट आपणच करून देतो.

म्हणून दोन आकडे काढा. पहिला, वस्तू निकामी होण्याची शक्यता : अवस्था, मागच्या तीन वर्षांतले बिघाड, सुटे भाग मिळतात की नाही. दुसरा, ती बंद पडली तर काय होईल : सुरक्षितता, किती प्रवासी अडकतील, किती वेळ, पर्यायी मार्ग आहे का. एकसारखे झिजलेले दोन सांधे घ्या. एक टर्मिनसला, जिथून प्रत्येक गाडी फिरते. दुसरा डेपोच्या कोपऱ्यातल्या साइडिंगला. अवस्था दोन्हीकडे 2, पण पहिला तासभर अडला तर सगळा मार्ग कोलमडतो आणि दुसऱ्यासाठी एखादी गाडी शेजारच्या लाइनवर उभी करून भागते.

या पद्धतीत एक खड्डा आहे. शक्यता गुणिले परिणाम असे करून एकच यादी लावली की क्वचित घडणारी पण जीवघेणी गोष्ट आणि रोज घडणारी किरकोळ गोष्ट सारख्याच गुणांवर येऊन बसतात. जिवाशी संबंधित वस्तूंची यादी वेगळी ठेवा आणि तिचा पैसा आधी बाजूला काढा.

किंमत कमी म्हणून वस्तू कमी महत्त्वाची, असेही समजू नका. वॉशिंग्टनच्या मेट्रोत 12 जानेवारी 2015 रोजी लाँफाँ प्लाझा स्थानकाजवळच्या बोगद्यात धूर कोंडला आणि एक प्रवासी दगावला. कारण होते गाड्यांना वीज पुरवणाऱ्या तिसऱ्या रुळाला वीज देणाऱ्या केबलच्या जोडांपाशी उडालेली ठिणगी. जोडावर पाणी आणि धूळ आत जाऊ नये म्हणून बसवायची सीलिंग स्लीव्ह तिथे नव्हती. पुढच्या वर्षी मार्चमध्ये पुन्हा अशीच आग लागल्यावर 16 तारखेला अख्खी मेट्रो दिवसभर बंद ठेवून अशा सुमारे 600 केबल (जंपर केबल) तपासल्या गेल्या. 26 ठिकाणी खराब केबल किंवा जोडांची आवरणे सापडली. असे जोड मालमत्तेच्या यादीत स्वतंत्र ओळीने आलेच पाहिजेत. तपासताना आवरण आहे का, ते घट्ट बसले आहे का, केबल रुळाच्या पायाला किंवा खडीला घासते आहे का, आणि तिच्यावर पाणी ठिबकते आहे का, या चारही गोष्टी पाहा. भार असताना थर्मल कॅमेऱ्याने पाहिले तर सैल जोड आजूबाजूच्या जोडांपेक्षा गरम दिसतो. गाड्या बंद असताना तो कॅमेरा काहीच सांगत नाही.

प्रश्न : एकाच ठिकाणी दर दोन महिन्यांनी टॅम्पिंग (मशीनने रूळ उचलून खालची खडी ठोकून बसवणे) करावे लागते. मशीन येऊन गेली की रूळ सपाट, आणि काही आठवड्यांत पुन्हा तिथेच खाली बसतो. काय चुकते आहे?
(रूळमार्ग पर्यवेक्षक)

टॅम्पिंगने लक्षण झाकले जाते, मूळ तसेच राहते. शिवाय मशीनची टोके दर वेळी खडी फोडतात; त्या चुऱ्याने पोकळ्या बुजतात, पाणी अडते आणि पुढच्या वेळी रूळ आणखी लवकर बसतो.

त्या जागी गाडी जाताना सुरक्षित अंतरावरून पाहा. स्लीपर (रुळांखालची आडवी तुळई) वर-खाली होतोय का, त्याच्या कडेने चिखल वर येतोय का? खडीवर पांढरट भुकटी दिसली तर दगड एकमेकांवर घासत आहेत, म्हणजे स्लीपरखाली पोकळी आहे. मग ब्लॉकमध्ये स्लीपरच्या टोकापाशी खड्डा घ्या आणि स्लीपरच्या तळापासून किती खोलीवर स्वच्छ खडी संपते ते मोजा. नव्या मार्गावर साधारण 250 ते 300 मिमी स्वच्छ थर असतो. तुमच्या खड्ड्यात 100 मिमीवरच माती लागली तर टॅम्पिंगचे तास वाया चालले आहेत.

त्यानंतर रुळाचा माथा. अशा जागांपैकी बऱ्याच ठिकाणी मधोमध एक वेल्ड किंवा फिशप्लेटचा जोड असतो. 1 मीटरची सरळ पट्टी जोडावर मध्य साधून ठेवा आणि फीलर गेजने मधली फट मोजा. मिलिमीटरभर जरी दबलेला जोड निघाला तरी प्रत्येक चाक तिथे हातोड्यासारखा घाव घालते, आणि खालचे सगळे त्या घावानेच बसते.

कामाचा क्रम असा ठेवा. आधी पाण्याला वाट : चर साफ, त्याचा उतार तपासून, शेवटच्या तोंडापर्यंत पाणी वाहते का ते बादलीभर पाणी ओतून पाहणे. मग खडी काढून चाळणे किंवा बदलणे. मग जोड उचलून सरळ करणे, घासणे किंवा कापून नवा तुकडा घालणे. तुटलेले क्लिप, चपटे झालेले पॅड आणि तडकलेले स्लीपर त्याच रात्री बदला. टॅम्पिंग सगळ्यात शेवटी. क्रम उलटा झाला तर सगळे पैसे पुन्हा जातात.

प्रश्न : सांध्यांचे बिघाड आमच्या उशिराचे मोठे कारण आहे. नियमित साफसफाई आणि तेलपाणी होऊनही 'डिटेक्शन मिळाले नाही' अशी नोंद येतच राहते.
(सिग्नल विभाग, तीन वाचक)

डिटेक्शन म्हणजे सांधा पूर्ण बसल्याची सिग्नलला मिळणारी खूण. ती मिळत नसेल तर पहिली शंका तेलाचीच घ्या. जास्त तेल घातलेल्या सरकपट्टीवर धूळ आणि ब्रेकचा चुरा चिकटून गोंदासारखा थर होतो. आधी जुने खरवडून पुसायचे आणि मग पातळ थर द्यायचा, हे दोन टप्पे जॉब कार्डावर वेगळे लिहा; एकत्र लिहिले की पहिला टप्पा गळतो.

मोटरचा विद्युतप्रवाह नोंदवणारे साधे उपकरण बसवले तर सांधा स्वतः बरेच काही सांगतो. आलेखात सुरुवातीला उंच टोक येते, मोटर सुरू होतानाचे. मग सांध्याला जागी धरणारे कुलूप सुटते, जीभ (सांध्याचा सरकणारा रूळ) सरकते तो सपाट भाग, आणि शेवटी कुलूप लागताना थोडी चढण. सपाट भाग नेहमीपेक्षा वर उचलला असेल तर सरकपट्ट्या कोरड्या किंवा घाण आहेत, अथवा रोलरची उंची बिघडली आहे. शेवटची चढण वाढत चालली असेल तर जीभ रुळावर गरजेपेक्षा जास्त जोराने दाबली जाते आहे. शेवटी प्रवाह वर जाऊन तिथेच टिकून राहिला तर काहीतरी अडकले आहे आणि क्लच घसरतो आहे. प्रत्येक सांध्याचा चांगल्या अवस्थेतला आलेख जपून ठेवा आणि त्याच सांध्याच्या आजच्या आलेखाशी ताडून पाहा. शेजारच्या सांध्याशी तुलना करून हाती काही लागत नाही, कारण दोन सांध्यांची लांबी आणि वजन क्वचितच सारखे असते.

समायोजन झाल्यावर अडथळा चाचणी चुकवू नका. जिभेच्या टोकाजवळ, जीभ आणि मुख्य रूळ यांच्यामध्ये ठरलेल्या जाडीची पट्टी (अनेक रेल्वेंत 5 मिमी) ठेवून सांधा चालवायचा. कुलूप लागता कामा नये आणि डिटेक्शन मिळता कामा नये. ही चाचणी डाव्या आणि उजव्या, दोन्ही बाजूंना करायची. एका बाजूचे समायोजन फिरवले की दुसरीकडचे सरकते, आणि घाईत तेच तपासायचे राहून जाते.

'डिटेक्शन मिळाले नाही' या नोंदींवर वेळ आणि तापमान लिहा. बिघाड दुपारी किंवा पहाटेच होत असतील तर रूळ तापून-थंड होऊन सरकतो आहे. यंत्र बदलून काही होणार नाही, सांध्यापाशी रूळ जखडून ठेवणारे अँकर आणि क्लिप पाहावे लागतील.

प्रश्न : आमचे डबे 27 वर्षांचे आहेत. दरवाजे रोज त्रास देतात आणि नियंत्रण कार्डे बनवणारी कंपनी आता ती बनवत नाही. नवे डबे यायला अजून सात-आठ वर्षे लागतील. तोवर काय करावे?
(कारशेडमधील वरिष्ठ अभियंता)

सात-आठ वर्षे हा मोठा काळ आहे. 'आता नवे येणारच आहेत' म्हणून जुन्यांची देखभाल सैल करणे ही सर्वांत महाग पडणारी बचत असते.

न्यूयॉर्कच्या सबवेचा दाखला इथे उपयोगी पडेल. 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला तिथे दोन बिघाडांमधले सरासरी अंतर सुमारे 7,000 मैलांवर आले होते. नवे डबे आले, पण केवळ त्यावर विसंबले नाहीत. जुन्या डब्यांचे मोठे ओव्हरहॉल केले आणि नंतर ठरावीक वर्षांनी ठरावीक भाग, बिघडण्याची वाट न पाहता, बदलण्याचे वेळापत्रक लावले. 2010 च्या सुमारास हे अंतर दीड लाख मैलांच्या पुढे गेले होते.

वर आम्ही वयावर विसंबू नका असे म्हटले आणि इथे वेळापत्रकाने भाग बदला असे म्हणतो आहोत. दोन्ही खरे आहे, कारण काही वस्तू वयाने निश्चित मरतात : रबर, ग्रीस, इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर, बॅटऱ्या. त्यांना वेळापत्रक लावा. बाकीच्यांची अवस्था तपासत राहा.

दरवाजांसाठी महिन्याच्या नोंदी डबा आणि दरवाजा क्रमांकानुसार लावा. बहुधा मोजकेच दरवाजे बहुतेक बिघाड घडवताना दिसतील. ते पंधरा-वीस दरवाजे बाहेर काढून पूर्ण दुरुस्त करा : खालची खोबण, हँगरचे रोलर, पट्टा किंवा स्क्रूची ढिलाई, मर्यादा स्विच, कडेचे रबर. नुसता स्विच बदलून गाडी सोडली की तोच दरवाजा आठवड्यात परत येतो, कारण झिजलेल्या रोलरमुळे पान खाली ओघळलेले असते आणि स्विच दर वेळी कडेवर काम करतो.

कार्डांसाठी प्रथम मोजणी : किती प्रकार, प्रत्येकाचे किती नग चालू, किती कपाटात, वर्षाला किती जळतात. ज्याचा साठा तीन वर्षांहून कमी पुरेल त्यावर आजच काम सुरू करा. बरीच कार्डे मेलेली नसतात, त्यांचे कपॅसिटर सुकलेले असतात. तापमान 10 अंशांनी वाढले की इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचे आयुष्य साधारण निम्मे होते, म्हणून आधी नियंत्रण कपाटाचा पंखा आणि धूळ-जाळी पाहा. तो खर्च जवळपास शून्य आहे. त्यानंतर कार्डांवरचे कपॅसिटर गटागटाने बदलून चाचणी-बाकावर तपासा. चाचणी-बाक नसेल तर तोच आधी बनवा. गाडीवर कार्ड लावून पाहणे म्हणजे चांगल्या कार्डांचीही वाट लावणे. आधी निवृत्त होणारे दोन-तीन डबे सुटे भाग काढण्यासाठी राखून ठेवता येतात, पण काढलेल्या प्रत्येक भागाला चिठ्ठी आणि नोंद हवी, नाहीतर साठ्यात चालणारे कोणते आणि न चालणारे कोणते हे सांगायला कुणी उरत नाही.

ओव्हरहॉलनंतर प्रत्येक डब्याच्या डाव्या-उजव्या चाकांवरचा भार तोलून घ्या. टोकियोच्या हिबिया मार्गावर 8 मार्च 2000 रोजी तीव्र वळणावर चाक रुळावर चढून गाडी घसरली आणि पाच जणांचे प्राण गेले. चाकांवरच्या भारातला असमतोल त्यातला एक घटक होता, आणि त्यानंतर जपानमध्ये हा फरक 10 टक्क्यांच्या आत ठेवण्याचा दंडक आला.

प्रश्न : चाकांची मापे नव्वद दिवसांनी घेतो. ती पुरेशी आहेत का? तपासणीचा कालावधी ठरवण्याची काही रीत आहे का?
(डेपो तंत्रज्ञ)

रीत आहे. दोष पहिल्यांदा मोजता येण्याजोगा झाल्यापासून तो धोकादायक होईपर्यंत किती काळ जातो ते शोधा. तपासणी त्याच्या निम्म्या काळाहून विरळ नको. धरा, एखादी भेग अल्ट्रासोनिक तपासणीत दिसू लागल्यावर रूळ तुटायला आठ महिने लागतात, तर चार महिन्यांची तपासणी निदान एकदा तिला पकडेल. जिथे परिणाम भीषण तिथे तिसरा हिस्सा घ्या. हा काळ कारखान्याच्या पुस्तिकेत सापडेलच असे नाही. तुमच्याच जुन्या मापांवरून काढावा लागतो.

आणि मापांचा कल पाहा. वॉशिंग्टनमध्ये 12 ऑक्टोबर 2021 रोजी एक गाडी घसरली तेव्हा चाके एक्सलवर बाहेरच्या बाजूला सरकल्याचे आढळले. सरकलेल्या चाकांच्या नोंदी 2017 पासून होत्या, पण एकेका जोडीची सुटी तक्रार म्हणून त्या निकाली निघत गेल्या. अपघातानंतर त्या मालिकेचे 748 डबे, म्हणजे ताफ्यातले जवळपास 60 टक्के, सेवेतून काढावे लागले. 'मर्यादेत / मर्यादेबाहेर' असा शिक्का मारून थांबू नका, मिलिमीटर लिहा. चाकांमधले अंतर घटायचे किंवा वाढायचे कारणच नसते. ते एका तपासणीपासून दुसरीपर्यंत मापाच्या चुकीपेक्षा जास्त हलले तर मर्यादेत असले तरी ती जोडी बाजूला काढा आणि त्याच मालिकेतल्या बाकी डब्यांची मापे मागवा. माप चाकाच्या परिघावर तीन ठिकाणी, 120 अंशांवर घ्या, आणि गेज दर महिन्याला प्रमाण-पट्टीवर तपासा.

प्रश्न : रात्री सव्वाचार तास मिळतात, तरी काम दोन तासही होत नाही.
(बांधकाम विभाग)

हिशेब मांडा म्हणजे वेळ कुठे जातो ते दिसेल. गाडी डेपोत पोचून मार्ग मोकळा व्हायला 20 मिनिटे, वीज बंद करून अर्थिंग (वीजवाहिनी सुरक्षेसाठी जमिनीशी जोडणे) लावायला 25, परवानगी घेऊन हत्यारांसह चालत पोचायला 30. परतताना हत्यारांची मोजदाद 15, अर्थिंग काढून वीज सुरू करायला 25, चाचणी गाडीला 20. झाली 135 मिनिटे. 255 मधून हातात उरली 120, आणि परवानगीला वीस मिनिटे उशीर झाला की शंभर.

यातली चालण्याची मिनिटे सर्वांत सहज वाचतात. साहित्य आदल्या रात्री जागेवर नेऊन बांधून ठेवा, गाडी जायला लागणाऱ्या मोकळ्या जागेच्या बाहेर आणि हलणार नाही असे. एकाच वीजखंडात (वीज एकदम बंद होणाऱ्या पट्ट्यात) रूळ, सिग्नल, केबल आणि पंप अशा चारही विभागांची कामे एकाच रात्री घ्या. अर्थिंगच्या जागा वाढवा. पण मोजदाद आणि चाचणी गाडी यांच्यातून एक मिनिटही काढू नका.

तरीही रूळ बदलणे, स्लॅब दुरुस्ती अशी कामे दोन तासांच्या तुकड्यांत धड होत नाहीत. न्यूयॉर्कने 2012 पासून लागोपाठ चार रात्री, 10 ते 5, एखादा पट्टा बंद ठेवून सगळ्या विभागांची कामे एकत्र उरकण्याची पद्धत सुरू केली. आमचा कल अशा पूर्ण बंदकडेच आहे, मात्र तयारी पुरी असेल तरच. बॉस्टनने 2022 मध्ये ऑरेंज मार्ग 30 दिवस बंद ठेवला आणि उघडल्यावरही त्यावर मंदगतीचे पट्टे उरले होते, यावरून नुसते दिवस मिळून भागत नाही हे दिसते. बंद जाहीर करण्याआधी तीन गोष्टी हातात हव्यात : जागेवर पोचलेले सर्व साहित्य, प्रत्येक दोषाची साखळी-अंतरासह यादी, आणि काम झाल्यावर वेगमर्यादा उठवण्यासाठी कोण, कोणती मापे घेऊन, कोणत्या कागदावर सही करणार याचे लेखी उत्तर.

प्रश्न : बोगद्यातल्या काही भागात क्लिप आणि रुळाचा पाया वेगाने गंजतो. गळती आहे, पण इतर गळक्या भागांत असे होत नाही.
(रूळमार्ग निरीक्षक)

भटक्या प्रवाहाची शंका घ्या. डीसी मेट्रोत परतीचा प्रवाह रुळातून सबस्टेशनला जातो. पॅड आणि इन्सुलेटर ओले, चिखलाने माखलेले असले की त्यातला काही भाग जमिनीत उतरतो, आणि जिथून तो लोखंड सोडतो तिथले लोखंड खातो. 1 अँपिअर प्रवाह वर्षभर असा वाहिला तर सुमारे 9 किलो लोखंड नाहीसे होते. गंज रुळाच्या पायाच्या खालच्या बाजूला आणि क्लिपच्या टोकाशी अणकुचीदार, खड्डे पडल्यासारखा दिसतो.

वीज बंद असताना रूळ आणि जमीन यांच्यातला रोध 100-100 मीटरच्या तुकड्यांत मोजा. कमी आलेल्या तुकड्यात आधी नुसती धुलाई करून पुन्हा मोजा. अनेकदा तेवढ्याने आकडा सुधारतो. सुधारला नाही तर पॅड आणि इन्सुलेटर बदला. सबस्टेशनकडे जाणाऱ्या रुळांच्या बाँड केबलही तपासा, कारण परतीची वाट तुटलेली असेल तर प्रवाह जमिनीची वाट धरतो. छतातून ठिबकणारे पाणी रुळावर न पडता चरात जाईल अशी पन्हळ लावणे हा गळती बंद होईपर्यंतचा चांगला उपाय.

प्रश्न : सगळीकडे सेन्सर लावण्याचा प्रस्ताव आहे. घ्यावा का?
(माहिती तंत्रज्ञान विभाग)

सगळीकडे नको. दोष हळू वाढत असेल, माणसाला पोचणे अवघड असेल आणि इशारा आल्यावर कुणी काय करायचे हे ठरलेले असेल, तिथे घ्या : सांध्यांचा प्रवाह, पंप किती वेळ चालतो, एक्सल बेअरिंगचे तापमान, दरवाजाच्या मोटरचा प्रवाह. इशारा जर फक्त पडद्यावर लाल होणार असेल आणि त्यातून जॉब कार्ड निघणार नसेल तर तो लावू नका. महिन्याभरात तिकडे कुणी बघत नाही.

प्रश्न : संचालक मंडळाला एका पानावर काय दाखवावे?
(मालमत्ता व्यवस्थापन प्रमुख)

पाच आकडे. अवस्था 1 ते 5 मध्ये 2.5 च्या खाली असलेल्या मालमत्तेचा वाटा, वर्गवार, आणि त्यातला किती 'अ' भरवशाचा. थकलेल्या कामांचे माणसी तास. कामांची संख्या दाखवली तर पाच मिनिटांची कामे उरकून ती घटवता येते. वेगमर्यादेखालचे मीटर आणि प्रत्येक मर्यादा किती दिवसांची जुनी. दोन बिघाडांमधले सरासरी अंतर, डब्यांच्या मालिकेनुसार. आणि ठरलेल्या प्रतिबंधक देखभालीपैकी वेळेत झालेली टक्केवारी, त्यात जिवाशी संबंधित कामे वेगळी.

पानाच्या तळाशी दोन रेघांचा एक आलेख द्या : आजच्याच निधीत दहा वर्षांनी थकलेले काम कुठे जाईल, आणि मागितलेल्या निधीत कुठे जाईल. दुसऱ्या रेघेतही पहिली दोन-तीन वर्षे काम वाढताना दिसेल, कारण नीट तपासणी सुरू झाली की लपलेले दोष वर येतात. हे आधीच स्पष्ट लिहून ठेवा, म्हणजे दुसऱ्या वर्षी कार्यक्रम गुंडाळण्याची भाषा निघाली की तेच पान पुढे करता येईल.